सिक्वेन्सर, एको, निनाद: मराठीत काय म्हणायचं?

एका वाचकाचा प्रश्न आहे: मुलगा इलेक्ट्रॉनिक संगीत शिकतोय. सिक्वेन्सर, स्टेप, लूप, रिव्हर्ब, डिले हे सगळं आजोबांना मराठीत कसं सांगायचं? सिक्वेन्सरला 'अनुक्रमक' म्हटलं तर चालेल का?

'अनुक्रमक' अर्थाने चुकीचा नाही, पण तो ऐकून काही डोळ्यांसमोर येत नाही. सिक्वेन्सर हाच शब्द राहू द्या, आणि आजोबांना लेहऱ्याची आठवण करून द्या. एकल तबल्याला पेटीवर लेहरा धरतात. तेच स्वर, त्याच क्रमाने, आवर्तनामागून आवर्तन. सिक्वेन्सरचं काम तेच. कोणता आवाज केव्हा वाजायचा ते एकदा भरून ठेवायचं, मग तो हवा तितका वेळ वाजवत राहतो. लूपला अर्थातच 'आवर्तन'.

स्टेपला 'मात्रा' मात्र म्हणू नका. स्टेप म्हणजे सिक्वेन्सरवरचा एकेक चौकोन, ज्यात आवाज भरायचा. भाच्याच्या मोबाइलवर अशा सोळा चौकोनांची ओळ पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी लगेच सोळा मात्रांचा तीनताल धरला आणि नवव्या चौकोनावर 'खाली' (तालातली टाळी नसलेली जागा) शोधू लागलो. जुळेना. १९८० साली आलेल्या रोलँड टीआर-८०८ या ताल वाजवणाऱ्या यंत्रावरही अशीच सोळा बटणं ओळीने आहेत, पण सहसा त्या सोळांत मात्रा असतात चारच. प्रत्येकीचे चार भाग. म्हणजे आपल्या भाषेत चार मात्रांची चौगुन. मिनिटाला १२० मात्रांची लय ठेवली तर सगळी ओळ दोन सेकंदांत संपते. भाच्याने पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या चौकोनात ढोलाचा ठोका भरला होता. मात्रा त्या. मग चौकोनाला काय म्हणायचं? बुद्धिबळाच्या पटावर असतं ते 'घर'. 'पाचव्या आणि तेराव्या घरात टाळी टाक' असं म्हणून पाहा, कुणालाही कळतं.

खरा गोंधळ आहे तो 'एको'चा. मांडवातला साउंडवाला सरसकट एको म्हणतो: 'गाणाऱ्यांचा एको वाढव, निवेदकाचा काढ.' त्या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत दोघींना वेगळी नावं आहेत. घाटात समोरच्या कड्याकडे तोंड करून हाक मारली की थोडं थांबून तीच हाक परत येते, तो प्रतिध्वनी. दोन आवाज वेगळे ऐकू यायला कानाला साधारण दशांश सेकंदाचं अंतर लागतं, म्हणून कडा किंवा भिंत निदान सतरा मीटर तरी लांब हवी. सामान हलवल्यावर रिकाम्या झालेल्या खोलीत बोलून पाहा. तिथे शब्द परत येत नाही, त्याला शेपूट फुटते. भिंतींवरून परतणारे असंख्य आवाज एकमेकांत मिसळतात. हा निनाद, म्हणजेच रिव्हर्ब. शाळेच्या विज्ञानात हा शब्द आहे, तो तिथेच का ठेवायचा? बोलताना मी 'घुमारा'ही म्हणतो.

डिलेसाठी 'विलंब' नको. संगीतात विलंबित म्हणजे संथ लय, त्यामुळे ऐकणारा भलतीकडे जातो. डिले म्हणजे ठरवून दिलेल्या अंतराने येणारा प्रतिध्वनी. १२०च्या लयीत ते अंतर अर्धा सेकंद ठेवलं की तो नेमका पुढच्या मात्रेवर पडतो.

याच ओळीतला एक शब्द वाचकाने विचारलेला नाही, पण मला तो फार आवडतो: आस. तंबोऱ्याची तार छेडल्यावर मागे उरते ती आस. निनाद खोलीचा, आस वाद्याची. सिंथेसायझरवर पट्टी सोडल्यानंतरही आवाज रेंगाळतो, त्या रेंगाळण्याला रिलीज म्हणतात. तिथे 'आस' चपखल बसतो.

आणि स्लाइड, म्हणजे एका स्वरावरून घसरत दुसऱ्यावर जाणं? मींड म्हणावंसं वाटतं, पण मींडीत वाटेतल्या श्रुतींवर, म्हणजे मधल्या सूक्ष्म स्वरांवर, रेंगाळता येतं. रोलँडच्याच टीबी-३०३ या बेस वाजवणाऱ्या सिंथेसायझरचा स्लाइड झटकन पुढच्या स्वरावर जाऊन बसतो, तो सतार-सरोदवरच्या घसीटीला जवळचा. १९८२ मध्ये मुंबईत संगीतकार चरणजित सिंग यांनी हेच ३०३ आणि ८०८ घेऊन राग ध्वनिमुद्रित केले. मुलाला ते आजोबांच्या शेजारी बसून ऐकायला सांगा, आणि घसीट कुठे येते ते आजोबांना विचारा.