वाचकांचे प्रश्न : मागचा ट्रेलर का डुलतो?

प्रश्न : आम्ही टेक्ससमध्ये डॅलसजवळ राहतो. हाफ-टन (म्हणजे हलक्या वर्गातल्या) पिकअपमागे २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचे राहते घर, जोडतो. ट्रेलरचे कोरे वजन ५,६०० पौंड आणि कंपनी ओढण्याची क्षमता सांगते ११,००० पौंड. तरीही ताशी ६० मैलांच्या पुढे गेलो किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलर डुलू लागतो. मोठ्या इंजिनाची गाडी घ्यावी का?

उत्तर : इंजिनाचा इथे संबंध नाही, तो खर्च वाचवा. इंजिन ओढायचे काम करते. ट्रेलर सरळ चालणार की नाही, हे वजन कुठे बसले आहे यावर ठरते.

११,००० हा आकडा जाहिरातीत शोभतो, पण तिथवर पोचायच्या आधीच गाडीची दुसरी मर्यादा संपते. ड्रायव्हरचे दार उघडा. खांबावर पिवळ्या पट्टीचा स्टिकर दिसेल, त्यावर माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेले असते. समजा तिथे १,६०० पौंड आहे. तुमचा ट्रेलर भांडीकुंडी, गॅस, पाणी भरल्यावर सहज ७,००० पौंडांचा होतो. त्यातला साडेबारा टक्के भार, म्हणजे ८७५ पौंड, हिचच्या बॉलवर (गाडीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्यावर) येतो आणि तो या १,६०० मधूनच वजा होतो. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (बॉलवरचा भार बाकीच्या एक्सलवर वाटून देणारी जोडणी) स्वतः साधारण १०० पौंडांची. चार माणसांचे ५५० धरले तर हातात उरतात ७५ पौंड. हौद्यात जनरेटर आणि सरपण टाकले की खाते उणे.

आता डुलण्याकडे. अशा ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर हवा. तो १० च्या खाली गेला की ट्रेलरचे शेपूट जड होते. गाडी-ट्रेलरच्या प्रत्येक जोडीचा एक वेग असतो. त्याच्या खाली हेलकावा आपोआप विरतो, त्याच्या वर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. मागे वजन वाढवले की हा वेग खाली येतो. तुमचा तो ६०-६५ मैलांवर आलेला दिसतो.

नेहमीचे गुन्हेगार दोन. एक, मागच्या बंपरवरचा सायकलींचा रॅक. एक्सलपासून १० फूट मागे टांगलेले १५० पौंड, एक्सल ते बॉल अंतर १६ फूट असेल तर, बॉलवरचे जवळजवळ ९५ पौंड उचलून घेतात. दुसरा पाण्याची टाकी. गॅलनला ८.३४ पौंड या हिशेबाने ४० गॅलनचे ३३० पौंडांच्या वर होतात. टाकी एक्सलच्या मागे असेल तर ती रिकामी करून निघा आणि मुक्कामी पोचल्यावर भरा. पुढे असेल तर भरून निघालात तरी बिघडत नाही, फक्त तो भार स्टिकरच्या हिशेबात धरा.

बॉलवरचा भार घरी मोजता येतो. जमीन सपाट हवी, ट्रेलरच्या चाकांना आधी दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. ४ फुटांवर दोन आधार घेऊन त्यांवर जाड चौकोनी लाकडी तुळई ठेवा: एका टोकाखाली लाकडी ठोकळा, दुसऱ्या टोकाखाली तेवढ्याच उंचीवर बाथरूममधला वजनकाटा. ट्रेलरच्या नाकाखालचा जॅक ठोकळ्यापासून १ फुटावर, काट्यापासून ३ फुटांवर तुळईवर टेकवा. काट्यावर येईल त्याची चौपट करा. ८७५ असेल तर काटा २१९ च्या आसपास दाखवेल. सरळ काट्यावर टेकवू नका, काटा फुटेल.

याहून पक्के हवे असेल तर ट्रक-स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (प्रत्येक एक्सलचे वजन वेगळे दाखवणाऱ्या वजनकाट्यावर) तीनदा वजन करा: वेट डिस्ट्रिब्युशन हिचच्या स्प्रिंग बार (भार ढकलणाऱ्या दोन दांड्या) लावून, बार काढून, आणि शेवटी ट्रेलर सोडून नुसती गाडी. दुसऱ्या वेळच्या पुढच्या-मागच्या एक्सलच्या बेरजेतून नुसत्या गाडीचे वजन वजा केले की बॉलवरचा भार निघतो. तीनही वेळा गाडीत तीच माणसे आणि तेवढेच डिझेल-पेट्रोल ठेवा, नाहीतर हिशेब चुकतो.

भार योग्य झाला की वेट डिस्ट्रिब्युशन हिच जुळवा. रिसीव्हरवरचे (गाडीमागच्या ज्या चौकोनी नळीत हिच बसते तिच्यावरचे) लेबल वाचा. बऱ्याच हाफ-टन गाड्यांवर ५,००० पौंडांपुढे ही हिच सक्तीची असते. बॉलवर भार आला की मागचा एक्सल दबतो आणि पुढचा हलका होतो. स्टिअरिंग सैल वाटते ते त्यामुळे. हिचच्या बार हातगाडीच्या दांड्या उचलाव्यात तसा हा भार पुढच्या एक्सलकडे आणि थोडा ट्रेलरच्या एक्सलकडे ढकलतात. पुढच्या मडगार्डची जमिनीपासून उंची मोजा. नुसती गाडी ३७ इंच, ट्रेलर जोडल्यावर ३८ झाली, तर बार ताणून ३७.५ वर आणा. अनेक कंपन्या आता ‘उचललेल्याचे निम्मे परत’ असेच सांगतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. पूर्ण ३७ वर, किंवा त्याही खाली, आणायचा हट्ट नको. बार जास्त ताणल्या की मागचा एक्सल हलका होतो आणि ओल्या वळणावर गाडीचे मागले अंग घसरते. हे सगळे जमल्यावर ट्रेलर समपातळीत किंवा नाक किंचित खाली असा दिसायला हवा. नाक वर असेल तर बॉल माउंट (बॉल बसवलेला दांडा) बदलून बॉल खाली घ्या.

घर्षणाचा स्वे-कंट्रोल (डुलणे रोखणारा) बार उपयोगी आहे, पण शेवटी लावायचा. वजन चुकलेले असताना तो लावला तर डुलणे झाकले जाते, जात नाही. एकेरी बार असेल तर रिव्हर्स घेण्याआधी काढा, नाहीतर वाकतो.

टायर : ट्रेलरच्या एसटी (खास ट्रेलरसाठीच्या) टायरमध्ये बाजूवर लिहिलेला कमाल दाब, टायर थंड असताना भरा. यातल्या बऱ्याच टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैलच असते. टायरच्या बाजूवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. पाच-सहा वर्षांपुढचा टायर, नक्षी कोरी करकरीत असली तरी, बदला.

आणि डुलायला लागलाच तर? गाडीचा ब्रेक मारू नका, जोरही देऊ नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, हेलकाव्याच्या उलट फिरवत बसू नका. हाताशी असलेला ब्रेक कंट्रोलरचा (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणाऱ्या यंत्राचा) लीव्हर हळूहळू दाबा. फक्त ट्रेलरचे ब्रेक लागून तो मागे ताणला जातो आणि सरळ होतो. यासाठी गेन, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक किती जोराने लागावेत ते ठरवणारा आकडा, आधीच नीट हवा. कोरड्या सपाट रस्त्यावर ताशी २०-२५ मैलांवर लीव्हर पूर्ण दाबा. चाके लॉक होण्याच्या जरा अलीकडे गेन ठेवा.

प्रश्न : मेलबर्नला राहतो. डबल-कॅब यूटला (इथे पिकअपला यूट म्हणतात) कॅरॅव्हॅन जोडल्यावर मागचा भाग फार बसायचा, म्हणून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर एअरबॅग (हवा भरायच्या रबरी पिशव्या) बसवल्या. आता गाडी सरळ दिसते, पण रस्त्यावर फरक काही नाही. असे का?

उत्तर : एअरबॅगने गाडीचा मागला भाग उचलला, भार मात्र होता तिथेच राहिला. पुढचा एक्सल अजून हलकाच आहे आणि मागच्या एक्सलवर तितकेच वजन. गाडीची कायदेशीर मर्यादाही एअरबॅगने वाढत नाही. उलट एक धोका वाढतो. पाट्यांचा भार चासीवर पुढच्या आणि मागच्या अशा दोन टोकांना जातो, तर एअरबॅग तो एक्सलच्या वर एकाच जागी लावते. हौद्यात सामान, मागे जड कॅरॅव्हॅन आणि खड्ड्यांचा रस्ता एकत्र आले की चासी तिथेच वाकते. ऑस्ट्रेलियात वाकलेल्या चासीचे डबल-कॅब यूट ही गॅरेजवाल्यांना नवी गोष्ट नाही. एअरबॅगमधला दाब कमी करा, हौद्यातले जड सामान एक्सलच्या पुढे, केबिनला चिकटवून ठेवा आणि कॅरॅव्हॅनचा बॉलवरचा भार मोजा. मगच वेट डिस्ट्रिब्युशन हिचचा विचार करा. गाडीची कंपनी परवानगी देते का, ते मॅन्युअलमध्ये आधी पाहा.

प्रश्न : कराड तालुक्यातून लिहितो आहे. ५० एचपी ट्रॅक्टरला उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला जातो. चढाला पुढची चाके उचलतात, उताराला ट्रॉल्या मागून रेटतात आणि मागची ट्रॉली सापासारखी वळवळते.

उत्तर : चाके उचलतात त्याला बहुधा हुकाची उंची कारण. ओढ मागच्या एक्सलच्या मध्याच्या वर गेली की ट्रॅक्टर मागे उलटायला बघतो. ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच (ट्रॅक्टरमागच्या ओढायच्या दांड्यालाच) जोडा. टॉप-लिंकच्या (अवजाराच्या वरच्या दांड्याच्या) जागेला कधीही नाही. पुढे वजनाच्या प्लेटा लावा. ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान पाचव्या हिश्शाइतका भार पुढच्या चाकांवर राहायला हवा, नाहीतर स्टिअरिंग फिरते आणि ट्रॅक्टर सरळच जातो. दोन चाकी ट्रॉलीत ऊस पुढे रचला की सगळा भार हुकावर येतो, मागे रचला की हूक वर उचलला जातो. मोळ्या एक्सलच्या किंचित पुढे जड राहतील अशा रचा. दोन ट्रॉल्यांपैकी जड ती पुढे, हलकी मागे. उलट केले की पुढचीचा प्रत्येक हेलकावा मागची मोठा करून दाखवते. पिन झिजून हुकाच्या भोकात खुळखुळत असेल तर आधी ती बदला. खाली क्लिप आणि शेजारी साखळी दोन्ही हव्यात.

उताराला सगळा प्रश्न ब्रेकचा आहे. दोन-सव्वादोन टनांच्या ट्रॅक्टरचे ब्रेक कित्येक पट जड ट्रॉल्या अडवू शकत नाहीत. उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर टाका. उतारात क्लच दाबायचा नाही आणि न्यूट्रल तर डिझेल वाचवायलाही नाही. शेतात वळायला मोकळे केलेले दोन ब्रेक पेडल रस्त्यावर यायच्या आधी पट्टीने जोडा. एकच पेडल दाबले गेले तर एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो. मागच्या दोन ट्रॉल्या मग सरळ अंगावर येतात. गाण्याचा आवाजही जरा कमी करा, मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. दुसऱ्या ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस टेललाइट आणि रिफ्लेक्टर झाकतो. म्हणून लाल रिफ्लेक्टरची पट्टी ट्रॉलीच्या फळीला नाही, तर उसाच्या सगळ्यात मागच्या टोकाला बांधा.