29 व्या आठवड्यात जन्मलेला मुलगा पाढे आज म्हणतो, उद्या विसरतो. काय करावं?

मुलगा आठ वर्षांचा, बुद्ध्यांक ठीक आला, पण पाढे टिकत नाहीत आणि तीन कामं सांगितली तर एकच होतं, असं तुम्ही लिहिलंय. आधी हे बघा: गोष्ट डोक्यात शिरतच नाही, की शिरून पुसली जाते? दोन्हीला आपण 'विसरतो' म्हणतो, पण उपाय वेगळे.

सेकंदाला एक, सूर न लावता आकडे सांगा: 4-9-2-7-5. तो तेच परत म्हणू दे; मग दुसरे आकडे सांगून शेवटापासून उलटे म्हणायला लावा. या वयाची बरीच मुलं पाच आकडे सरळ आणि तीन उलटे म्हणतात. सरळ जमतात पण उलटे दोनवरच अडतात, तर वर्किंग मेमरी (गोष्ट क्षणभर डोक्यात धरून तिच्यावर काम करायची ताकद) तोकडी असावी. 32 आठवड्यांआधी जन्मलेल्यांत ही अडचण बऱ्यापैकी दिसते. मग दहा वाक्यांची नवी गोष्ट सांगा. लगेच विचारा, अर्ध्या तासाने पुन्हा विचारा. लगेच नीट सांगितली, पण नंतर खुणा देऊनही काहीच आठवलं नाही, तर साठवण कच्ची. मेंदूतला हिप्पोकॅम्पस (नव्या आठवणी साठवायला लागणारा भाग) जन्माच्या आसपास ऑक्सिजन कमी पडला तर लवकर दुखावतो, आणि नुसत्या बुद्ध्यांकात ते झाकलं जातं. असं असेल, किंवा तो मध्येच टक लावून हरवत असेल, तर बाल न्यूरोलॉजिस्टना दाखवाच. घरची चाचणी म्हणजे निदान नव्हे.

वर्किंग मेमरीचा प्रश्न असेल तर एका वेळी एकच काम सांगा आणि करण्याआधी ते त्याच्याकडून वदवून घ्या. सकाळची कामं चित्रांसह दारावर लावा. पाढा अख्खा घोकून घेऊ नका. सात एके ते सात पाचे एवढंच घ्या; दहा मिनिटांनी, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी विचारा. अडला की लगेच बरोबर उत्तर द्या. 'आठव, आठव' केलं की तो अंदाज ठोकतो आणि चुकीचंच पक्कं होतं. फळ्यावरून उतरवणं त्याला दुहेरी जड (वाक्य डोक्यात धरायचं आणि लिहायचंही), म्हणून बाईंना छापील कागद मागा. डोळे, कान आणि हिमोग्लोबिन एकदा तपासा. एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) आलेल्या मुलांत चष्मा आणि तिरळेपणा जास्त आढळतो.

'ब्रेन ट्रेनिंग' ॲपवर पैसे घालू नका. खेळातले गुण वाढतात, गणित बहुधा तिथेच राहतं.

परीक्षेतल्या जादा वेळेसाठी नुसती 'स्मरणशक्ती कमी' ही चिठ्ठी सहसा चालत नाही. अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात कायमची अडचण) आहे का, हे वेगळं तपासून घ्यावं लागेल.