क्वेबेकच्या शिव्या चर्चमधून का येतात?

एका वाचक ताईंची मुलगी मॉन्ट्रियलला, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांतात, शिकते. तिथल्या रूममेटच्या हातून कॉफीचा कप निसटला आणि तिच्या तोंडून एका दमात निघालं, "ओस्ती द कालिस द ताबर्नाक!" अर्थ विचारला तर म्हणाली, चर्चमधल्या वस्तूंची नावं आहेत. ही मुलगी स्वतः चर्चची पायरी चढत नाही. ताईंनी विचारलंय: श्रद्धाच उरली नाही, तर या शब्दांना शिवीची धार येते कुठून?

प्रश्न फार चांगला आहे. आधी शब्द बघू. 'ताबर्नाक' म्हणजे मूळचं 'ताबेर्नाक्ल', वेदीवरची कुलूपबंद छोटी पेटी. 'सिबुआर' हे त्या पेटीत ठेवायचं झाकणाचं भांडं आणि त्या भांड्यात असते ती 'ओस्ती', मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेत, देतात ती पातळ गोल भाकर. कॅथलिकांच्या लेखी अभिमंत्रित भाकर साक्षात ख्रिस्ताचं शरीर असते. 'कालिस' हा द्राक्षारसाचा चषक, 'क्रिस' म्हणजे खुद्द ख्रिस्त. वसई-गोव्याकडच्या वाचकांनी या वस्तू लहानपणापासून पाहिल्या असतील. या शिव्यांना क्वेबेकमध्ये 'साक्र' म्हणतात. तोही शब्द 'पवित्र' याच अर्थाच्या शब्दातून आलेला.

माणूस शिवी देतो ती ज्याचा धाक असतो त्याच्या नावाने. इंग्रज राजवटीविरुद्धचं 1837-38चं बंड इंग्रजांनी मोडून काढल्यावर क्वेबेकच्या फ्रेंच समाजावर चर्चची पकड घट्ट होत गेली. शाळा चर्चच्या, इस्पितळं नन चालवणार, आणि जन्म-मृत्यूची नोंदसुद्धा पाद्र्याच्या वहीत. चर्चबाहेर सरकारी पद्धतीने लग्न करायची सोय तिथे 1968मध्ये झाली! चर्चमधल्या नोंदींना सरकारी दाखल्याचं स्थान होतं ते 1993 अखेरपर्यंत. मूल होऊन बरेच दिवस झाले, पुढचं कधी, हे विचारायला पाद्री घरी यायचे, अशा आठवणी त्या पिढीतल्या बायकांनी पुष्कळ सांगितल्या आहेत. इतकी घरात शिरलेली सत्ता असेल, तर चिडलेल्या माणसाच्या तोंडी तिच्याच गाभाऱ्यातलं भांडं येणार.

मग 1960मध्ये क्वेबेक प्रांतात झां लसाझ यांचं सरकार आलं आणि जिला तिथले लोक 'शांत क्रांती' म्हणतात ती सुरू झाली. शिक्षण आणि आरोग्य सरकारने हाती घेतलं. रविवारी गच्च भरणारी चर्चं एका पिढीत ओस पडली. शिव्या मात्र जागच्या हलल्या नाहीत.

याचं एक कारण उच्चारात दिसतं. क्वेबेकच्या जुन्या गावरान फ्रेंचमध्ये 'एर'चा 'आर' व्हायचा. कुमारी मेरीसाठीचा 'व्येर्ज' शिवीत 'व्यार्ज' झाला, तसाच 'ताबेर्नाक्ल'चा 'ताबर्नाक', शेवटचा 'ल'ही गळून. पाद्री वेदीवरून बोलताना स्पष्ट 'ताबेर्नाक्ल' म्हणतो. म्हणजे पेटीचा शब्द वेगळा आणि शिवीचा वेगळा, दोघांचं स्पेलिंगही वेगळं. शिवीने कधीच वेगळी चूल मांडली होती. त्यामुळे चर्च ओस पडलं तरी तिचं काही अडलं नाही.

मला त्याहून मोठं वाटतं ते व्याकरण. हे शब्द केवळ उद्गार राहिलेले नाहीत. 'कालिस'पासून 'कालिसे' हे क्रियापद झालं, फेकून देणे, हाणणे. 'ज मां कालिस' म्हणजे मला काडीची पर्वा नाही. 'देक्रिस!' म्हणजे चालता हो. 'आं ताबर्नाक' म्हणजे भयंकर चिडलेला, पण तेच एखाद्या विशेषणामागे लावलं की नुसतं 'खूप', मग पदार्थ 'ताबर्नाक चांगला'ही असू शकतो. शिवाय 'द'चा (म्हणजे आपल्या 'चा-ची-चे'चा) दोरा घालून हव्या तितक्या शिव्या ओवता येतात, रूममेटने ओवल्या तशा. एवढी कामं करणारे शब्द भाषा सहजासहजी टाकून देत नाही.

आता धार. ती देवाच्या भीतीची नाही, लहानपणी खाल्लेल्या ओरड्याची आहे. आजीच्या लेखी साक्र म्हणजे पाप होतं. आज आई मुलाला दटावते ते 'असं बोलू नये' म्हणून. कारण बदललं, दटावणं चालू राहिलं, आणि शिवी जिवंत राहायला तेवढं पुरतं. उलटा पुरावाही तिथेच आहे. इंग्रजीतली 'एफ'ची शिवी इंग्रजी घरांत केवढी वाईट! क्वेबेकच्या फ्रेंचमध्ये ती इतकी सौम्य आहे की टीव्हीवर सर्रास ऐकू येते, कारण फ्रेंच घरात त्या शब्दावरून कुणी ओरडा खाल्लेला नसतो. आपल्याकडेही देव न मानणारा माणूस खोटी 'आईशप्पथ' घेताना अडखळतोच की. तिथेही अडवते ती लहानपणची ताकीद.

2006मध्ये मॉन्ट्रियलच्या चर्चने वर्गणीच्या मोहिमेसाठी हेच शब्द मोठ्या अक्षरांत फलकांवर लावले आणि खाली त्यांचे खरे अर्थ छापले. मला ही मोहीम फार बोलकी वाटते. आपल्याच पूजेच्या वस्तू म्हणजे काय, हे लोकांना समजावून सांगायची वेळ चर्चवर आली होती.

श्रद्धा ओसरल्यावर सगळीकडे असंच घडतं असं नाही. इंग्लंडमध्ये 'ब्लायमी' हा 'देव मला आंधळं करो'चा अवशेष, आज अगदीच निरुपद्रवी. चर्चला फारसं न जाणाऱ्या स्वीडनमध्ये मात्र सैतान आणि नरक शिव्यांमध्ये अजून ठणठणीत आहेत. क्वेबेकमध्ये आणखी एक गोष्ट झाली. साक्र ही ओळख बनली. फ्रान्समधला फ्रेंच माणूस या शिव्या देत नाही, क्वेबेकचा देतो. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर हे पर्यटक इतके ओळखीचे झाले की तिथे त्यांना 'ताबर्नाकोस' असं नावच पडलं.

राहता राहिली ताईंची मुलगी. तिने हे शब्द ओळखावेत, पण लगेच वापरू नयेत. नवख्याच्या तोंडी त्यांचं वजन चुकतं, आणि ऑफिसात किंवा वयस्कर माणसांपुढे ते आजही खटकतात. राग आवरत नसेल तर तिथल्याच लोकांनी आपलं 'च्यायला' होतं तशी मोडतोड करून ठेवलेली सभ्य रूपं आहेत: 'ताबर्नूश', 'ताबरवेत', 'कालीन'. ही आजीसमोरही चालतात.