कोकणातला हापूस पल्प परदेशी बाजारात टिकेल का?

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीजवळ घरची कलमं आहेत, तर पल्पचा छोटा कारखाना टाकून आखातात आणि युरोपात माल पाठवता येईल का, मेक्सिकोसारख्या देशांपुढे दर टिकेल का.

ड्रममध्ये, म्हणजे ज्यूस कंपन्यांना घाऊक विकायला गेलात तर नाही टिकणार. दुकानात विकायच्या डब्यात जमू शकेल.

मी इथल्याच एका कॅनिंग कारखान्यात माल तपासायचं काम करतो. ज्यूस कंपनीच्या ऑर्डरमध्ये ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), आम्लता, रंग, काळे कण किती चालतील एवढंच असतं. वासाला रकाना नसतो. हे सगळं तमिळनाडू-आंध्रातल्या कृष्णगिरी-चित्तूरचा तोतापुरी आंबा बऱ्याच कमी दरात देतो. त्याचा ब्रिक्स १४ च्या आसपास, आपला १६ च्या वर, पण तो फरक साखरेने भरून निघतो. मेक्सिको राहू दे बाजूला, आधी तोतापुरीशीच गाठ आहे.

त्यात आपला हंगाम! कॅनिंगला फळ येतं ते वाशीच्या घाऊक बाजारातला दर उतरल्यावर, साधारण मे मध्यापासून पाऊस लागेपर्यंत. तेवढ्यासाठी बॉयलर, पल्पर, माणसं उभी करायची आणि उरलेलं वर्ष बँकेचं व्याज भरायचं. साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) असलेलं फळ कापल्याशिवाय कळत नाही, ते वेगळंच.

८५० ग्रॅमच्या डब्याचं गणित निराळं. दुबईतलं किंवा लंडनमधलं आपलं गिऱ्हाईक डब्यावरचं 'हापूस' वाचून जास्त पैसे मोजतं. पण कर्नाटकचा हापूसही त्याच फळीवर स्वस्तात बसतो. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघरच्या हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं खरं, पण भारतातली नोंदणी परदेशात आपोआप लागू होत नाही.

युरोपात माल अडतो तो फवारणीच्या औषधांच्या अंशावर. ज्या कीटकनाशकाला तिथे वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम हीच हद्द. फुलकिड्यांपायी आपल्याकडे फवारण्या वाढल्यात, आणि पल्पमध्ये दहा बागांचं फळ एकत्र जातं. एकाने शेवटची फवारणी उशिरा केली की सगळा लॉट गेला. २०१४ मध्ये फळमाशीवरून युरोपने ताजा आंबा बंद केला, तेव्हा पल्प सुटला होता, कारण उष्णतेत माशीची अळी मरते. औषधाचा अंश तसा मरत नाही.



म्हणून कारखाना आत्ता नको. चालू कारखान्यात जॉबवर्कवर (मजुरी देऊन), फक्त स्वतःच्या बागेच्या फळाचा वेगळा लॉट काढून घ्या. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) परवाना, आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) आणि अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी करून ठेवा. सुरुवातीला कंटेनर भरणार नाही, तेव्हा मर्चंट एक्स्पोर्टरमार्फत (दुसऱ्यांचा माल घेऊन निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत) पाठवा. फवारणीची वही मात्र मोहोरापासून लिहा, तारीख आणि औषधासकट; पहिला खरेदीदार तीच मागेल.