एमबीएसईचं टूल निवडताय? ते एक्सेल आधी बंद करा

एमबीएसईचं (कागदांऐवजी मॉडेल करून सिस्टिम डिझाइन करायची पद्धत) टूल कुठलं घ्यावं, ही तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. सहा जणांची टीम, ईव्हीचा ब्रेक कंट्रोलर, साहेबांनी महिन्याभरात टूल फायनल करा म्हणून सांगितलंय, आणि तुम्ही कॅमिओ, कॅपेला, एंटरप्राइज आर्किटेक्ट असे कॉलम करून चाळीस ओळींत हो-नाही भरत बसलाय. डिट्टो हेच एक्सेल आमच्याकडेही होतं. सिसएमएल (अशी मॉडेल काढायची प्रमाण भाषा) म्हणजे काय, ब्लॉक डायग्राम कसा काढतात यात शिरत नाही, ते तुम्हाला येतच असणार.

आधीच सांगतो, मी पुण्यातला ऑटोमोटिव्हवाला, सॅटेलाइट नि डिफेन्सवाल्यांचं गणित वेगळं असतं, त्यांनी माझं ऐकू नये. आणि कुठल्याही टूलवाल्याशी माझं देणंघेणं नाही.

तर आमच्या जुन्या कंपनीतल्या त्या एक्सेलात एक ओळ होती, 'एक्सएमआय एक्स्पोर्ट', म्हणजे मॉडेल दुसऱ्या टूलला देता येईल अशा प्रमाण फाइलीत काढणं. सगळ्या टूलसमोर हो. असणारच, प्रत्येकाच्या ब्रोशरमध्ये ते छापलेलं असतं. आम्ही कंठशोष करत होतो की ट्रायल लायसन्स घेऊ, एक छोटं मॉडेल गिऱ्हाइकाच्या टूलमध्ये उघडून बघू, मग ठरवू. पण आमचं परचेस डिपार्टमेंट म्हणजे चहापेक्षा किटली गरम. तीन कोटेशन आलीत, तिघांसमोर हो आहे, मग सगळ्यात स्वस्त ते घ्या, विषय संपला. ट्रायलला म्हणे आयटीची सही लागते, आयटीकडे गेलो तर ते म्हणाले परचेसकडून पीओ (खरेदीच्या ऑर्डरचा) नंबर आणा. फुकटच्या ट्रायलचा पीओ नंबर!

मग मॉडेल चांगलं भरात आल्यावर ओईएमने, म्हणजे गाडी बनवणाऱ्या गिऱ्हाइक कंपनीने सांगितलं, आता आमच्या टूलमध्ये द्या. एक्स्पोर्ट मारला. ब्लॉक आले, नावं आली. पण स्टिरिओटाइप (ब्लॉकवर मारलेले खास प्रकाराचे शिक्के) बरेच गळाले, पोर्ट (ब्लॉकच्या जोडणीच्या जागा) आले तर त्यांचे टाइप तुटलेले, आणि रिक्वायरमेंटला जोडलेल्या 'सॅटिस्फाय'च्या (हा ब्लॉक ही गरज भागवतो असं सांगणाऱ्या) रेषा नुसत्या साध्या डिपेंडन्सी होऊन बसल्या, म्हणजे कुठली गरज कुठे भागवली हे शोधता येण्याच्या ज्या ट्रेसेबिलिटीसाठी हा सगळा खटाटोप केला तीच गेली. आणि डायग्राम? एकही नाही. डावीकडे झाडात सगळी नावं दिसतायत, उजवीकडे पांढरा कॅनव्हास. सपोर्टला तिकीट टाकलं तर उत्तर आलं की टूल स्टँडर्डप्रमाणेच चालतंय. डोकं जास्त कशाने फिरलं तर ते खोटं बोलत नव्हते. एक्सएमआयमधून मॉडेलचा डेटा जातो, कुठला बॉक्स कुठे ठेवलाय, रेषा कुठून वळलीय हे त्यात धरलेलंच नाही, त्याचा स्टँडर्ड वेगळा आणि तो नीट पाळणारे थोडे. वर प्रत्येक टूलचे स्वतःचे जादा मसाले. शेवटी पोरं रात्री बसून हाताने डायग्राम परत काढत होती आणि परचेसने वाचवलेले पैसे कुठल्या हेडखाली गेले हे कुणीही विचारलं नाही. असो, बीपी वाढतं.

तुमच्या जागी मी असतो तर रिजेनरेटिव्ह ब्रेकिंग (मोटरनेच ब्रेक लावून बॅटरी भरणं) एवढाच तुकडा घेतला असता. पेडल दाबलं की किती टॉर्क मोटर घेणार, किती हायड्रॉलिक, आणि बॅटरी फुल असेल तर काय. त्याच्या वीस-पंचवीस रिक्वायरमेंट रेकइफने (रिक्वायरमेंटच्या देवघेवीची प्रमाण फाइल) आत आणा, मॉडेल करा, मग मुद्दाम एका सिग्नलचं युनिट बदला आणि त्याची झळ कुठे कुठे लागते हे टूल दाखवतं का बघा. वर्डचं डॉक्युमेंट काढून बघा. ओईएमला पाठवून त्यांच्याकडे उघडायला लावा, आणि ते काय दिसलं त्याचा स्क्रीनशॉट मागा, 'ओके' असा मेल चालणार नाही.

आणि दोघांनी एकाच वेळी तोच ब्लॉक बदलून मर्ज करा, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करा. खरी गंमत इथे आहे. कॅपेला फुकट, खरंय, पण त्यात मॉडेल एका फाइलीत आणि डायग्राम एआयआरडी नावाच्या दुसऱ्या फाइलीत, गिटवर (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) त्या एआयआरडीत कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघांचे बदल एकमेकांवर आदळले की हाताने एक्सएमएल सोडवायच्या भानगडीत पडू नका, कॅपेलाचं फरक दाखवून जुळवणारं डिफ-मर्ज वापरा. सगळ्यांना एकदम काम करायचं तर टीम फॉर कॅपेला लागतं आणि ते विकत आहे. एंटरप्राइज आर्किटेक्टची जुनी ईएपी फाइल म्हणजे आतून अ‍ॅक्सेसचा डेटाबेस, नवी क्यूईए म्हणजे एसक्यूलाइट, ती गिटमध्ये टाकून मर्ज होईल ही आशा सोडा, सरळ डेटाबेस सर्व्हर लावा. कॅमिओला टीमवर्क क्लाउड, म्हणजे अजून एक सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस. कोटेशनमध्ये यातलं काहीच पहिल्या पानावर नसतं.

माझं मत विचाराल तर (मतच आहे, भांडायला येऊ नका) नव्या टीमला कॅपेला बरं पडतं कारण आर्केडिया ही डिझाइनची ठरलेल्या पायऱ्यांची पद्धत आतच बांधलेली आहे, माणूस भरकटत नाही. पण ते शुद्ध सिसएमएल नाही, ओईएमने सिसएमएलच मागितलं तर अडकाल. ईए (एंटरप्राइज आर्किटेक्ट) स्वस्त आहे पण काहीही काढू देतं, शिस्त तुमची तुम्हाला आणावी लागते. कॅमिओ दमदार, खिसाही तेवढाच रिकामा करतो.

टूलचा मालकही कायम नसतो बरं का. ऱ्हॅपसडी हे असंच एक टूल आय-लॉजिक्सचं होतं, २००६ मध्ये टेलेलॉजिककडे गेलं आणि २००८ मध्ये आयबीएमकडे. कॅमिओवाली नो मॅजिक २०१८ मध्ये दासो सिस्टिम्सने घेतली. गाडीचा प्रकल्प कधी कधी मालकापेक्षा जास्त टिकतो. सिसएमएलची नवी आवृत्ती, व्ही२, २०२५ मध्ये ओएमजी या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने मंजूर केलीय, त्यात मॉडेल मजकुरात लिहिता येतं आणि एपीआयचाही (टूलांनी एकमेकांशी बोलायची पद्धत) स्टँडर्ड आहे, त्यामुळे देवघेवीचा हा त्रास कमी व्हायला हवा. पण सेल्सवाल्याने रोडमॅपची स्लाइड दाखवली तर त्याला म्हणा आज, आत्ता, माझी फाइल उघडून दाखव.

जाता जाता, टेस्टिंगवाले नि सेफ्टी मॅनेजर यांना फक्त वाचायचं असतं, त्यांना फुल लायसन्स घेऊ नका, एचटीएमएल पब्लिश करून द्या. आणि आयएसओ २६२६२ (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षेचा स्टँडर्ड) लागू असेल तर भाग ८ मधलं टूलवर किती भरवसा ठेवायचा ते प्रकरण सेफ्टीवाल्याला खरेदीच्या आधी वाचायला लावा, नंतर नाही.

तुमच्या ओईएमला मॉडेल हवंय की नुसतं डॉक्युमेंट, हे पोस्टमध्ये नाहीये. नुसतं डॉक्युमेंट असेल तर वरची निम्मी कटकट वाचली, तेवढं विचारून इथे टाका.