इंदूरच्या काळ्या मातीत फायस हे जमिनीतलं ऑर्किड जगेल का?

जगेल, पण थेट काळ्या मातीत नको. पावसाळ्यात ही माती पाणी धरून बसते, मुळं कुजतात. माझं फायस टँकरव्हिली आमच्या राजेंद्रनगरच्या घरी पसरट कुंडीत आहे: पानांचं कुजकं खत, नारळाच्या सोडणाचे तुकडे, जाड वाळू आणि थोडा कोळसा. जमिनीतच हवं असेल तर वीतभर उंच वाफा करून त्यात हेच मिश्रण भरा. कंद मातीच्या वरच राहू द्या. पुरलात की गेला.

झाडावर वाढणारं ऑर्किड समजून याला कोरडं ठेवू नका, याला ओलावा लागतो. आपल्याकडे खरा शत्रू मे महिन्यातली लू. दुपारचं ऊन पानं भाजून काढतं, म्हणून पूर्वेचा ओटला किंवा हिरव्या जाळीखालची जागा बरी. बोअरच्या जड पाण्याऐवजी पावसाचं साठवलेलं पाणी दिलंत तर उत्तम. थंडीत पाणी कमी करा, पण पूर्ण तोडू नका.

फुलं वसंतात येतात, बाहेरून पांढरी, आतून तपकिरी. ती गळल्यावर दांडा फेकू नका! त्याचे पेरं असलेले तुकडे ओल्या शेवाळावर आडवे ठेवून वर प्लास्टिक झाका. काही महिन्यांत पेरांवर पिल्लं फुटतात. कात्री मात्र आधी ज्योतीवर धरा, विषाणू तिच्यावाटेच पसरतो.

आणि रोप नर्सरीतलंच घ्या, जंगलातून उपटलेलं नको.