सख्ख्या भावाची किडनी ‘पूर्ण जुळली’, तर ती आयुष्यभर टिकते का?

जास्त टिकण्याची शक्यता असते, पण हमी नाही. ही जुळणी ठरवणारी, शरीराला आपलं-परकं ओळखायला लावणारी एचएलए जनुकं ६ व्या गुणसूत्रावर असतात आणि बहुधा गठ्ठ्यानेच वारशात येतात. म्हणून सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणी २५ टक्के, अर्धी ५० टक्के. बाकीच्या २५ टक्क्यांत काहीच जुळत नाही, सख्खे असूनही!

१९५४ साली बोस्टनमध्ये रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या एकसारख्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. जनुकं तंतोतंत तीच, तरी रिचर्ड आठच वर्षं जगला. मूळ आजार नव्या किडनीतही उलटू शकतो, हे लोक विसरतात.

माझ्या मते जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे औषध पचवणारी जनुकं. सीवायपी३ए५ हे जनुक ज्यांच्यात काम करतं, त्यांच्या शरीरात टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलं जाणारं औषध, भराभर संपतं. त्यांना सुरुवातीला नेहमीच्या दीडपट ते दुप्पट डोस लागू शकतो. पातळी कमी पडली तर शरीर किडनी नाकारू लागतं, जास्त झाली तर तेच औषध किडनीला बाधतं. त्यामुळे शेजारच्या पेशंटच्या गोळ्यांशी तुलना करू नका. रक्तातली पातळी वेळच्या वेळी तपासा आणि डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या.